ससा अचानक खायचा थांबला तर

रात्री फ्रिज उघडला की पायात घोटाळणारा ससा आज कोपऱ्यात पाठ वाकवून बसलाय. कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली तरी तोंड फिरवतो, अधूनमधून दात करकर खातो. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "उकाड्याने असेल, सकाळपर्यंत बघू." बघू नका. सशाचं आतडं सतत हलतं राहावं लागतं. ते थांबलं की पोटात गॅस धरतो, दुखायला लागतं आणि दुखतंय म्हणून तो आणखीच खात नाही. दहा-बारा तास खाणं नाही, लेंड्या नाहीत, म्हणजे ही तातडीची वेळ आहे. सशाला उलटीही होत नाही, त्यामुळे वाट बघून काही सुटत नाही. दात करकर खाणं हे दुखण्याचं लक्षण आहे.

आधी फोन. "ससे बघता का?" हा पहिला प्रश्न, कारण बरेच दवाखाने कुत्र्या-मांजरांपुरतेच असतात. मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट हे जनावरांचं रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा, सगळ्यांना माहीत असतं. तिथेही निघण्यापूर्वी विचारून घ्या. शेवटचं कधी खाल्लं आणि लेंड्या कशा होत्या (बारीक, सुकलेल्या, की केसात माळेसारख्या ओवलेल्या), हे कागदावर लिहून ठेवा.

मग कान हाताळा. थंड लागले तर गुदद्वारातून ताप बघा, काखेत बघून उपयोग नाही. सशाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०४ फॅरेनहाइट. १०० च्या खाली असेल तर गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून एका कुशीला ठेवा. नको वाटलं तर त्याला सरकता आलं पाहिजे. मे महिन्यात उलटं होतं: कान तापलेले, श्वास धापा टाकल्यासारखा. तेव्हा नळाच्या साध्या पाण्याने कान ओले करायचे, पंखा लावायचा. बर्फाचं पाणी अंगावर ओतायचं नाही.

आता सिरिंजने भरवणं. माझा पहिला ससा मी इथेच घालवला, म्हणून सविस्तर सांगते.

कुणीतरी सांगितलं, "पोट रिकामं ठेवू नको, काहीही करून भरव." मी त्याला तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं धरलं आणि १० मिलीची सिरिंज दाबली. तो एकदाच खोकला, नाकाशी हिरवट फेस आला. अन्न श्वासनलिकेत गेलं होतं. दोन दिवसांनी तो न्यूमोनियाने गेला. तो फेस मी माझ्या ओढणीने पुसला होता. म्हणून "काहीही करून भरव" हा सल्ला कुणी दिला की मला राग येतो.

भरवण्यापूर्वी दोन गोष्टी बघायच्याच. अंग थंड असेल तर भरवायचं नाही, आधी ऊब. आणि पोट: बोटांनी हलकेच चाचपा. मळलेल्या कणकेसारखं मऊ लागलं तर डॉक्टरांना फोनवर विचारून भरवता येतं. ढोलकीसारखं ताणलेलं लागलं तर आत अडथळा असू शकतो, अशा वेळी थेंबभरही घालू नका, लगेच निघा.

जमिनीवर बसा. ससा चार पायांवर, त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, अंग टॉवेलात, डोकं सरळ. हनुवटी वर उचलायची नाही. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या. पुढच्या दातांच्या मागे, बाजूला, दात नसलेली मोकळी जागा असते. तिथून आडवी आत सरकवा आणि अर्धा मिली सोडा. मग थांबा. जबडा हलला, गिळल्याचं दिसलं, की पुढचा अर्धा. तो झटापट करायला लागला की हात काढा, पाच मिनिटं जाऊ द्या. माझा सध्याचा ससा दोन किलोचा आहे, त्याला एका वेळी २० मिली द्यायला अर्धा तास लागतो. लागू द्या.

भरवायला सशाचं क्रिटिकल केअर (आजारी सशाला पाण्यात कालवून भरवायची तयार पूड) नसेल तर त्याच्याच पेलेट, म्हणजे रोजच्या खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, चहाच्या गाळणीतून काढा. केळं, बिस्किट, दूध नको.

घरातली औषधं अजिबात नकोत. अ‍ॅमॉक्सिसिलिन हे माणसांचं नेहमीचं अँटिबायोटिक तोंडाने दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही जातो. दुखणं थांबवायचं औषध लागतंच, पण ते डॉक्टरांनीच वजन करून द्यायचं.

प्रवासाला फार काही लागत नाही: बास्केट, खाली टॉवेल, मूठभर सुकं गवत. उपनगरातून परळला येत असाल तर रिक्षा सायनच्या पुढे जात नाही हे लक्षात ठेवून थेट टॅक्सीच करा. दवाखान्यात दाढा बघायला आवर्जून सांगा. गवत कमी खाणाऱ्या सशाच्या दाढा वाढून जिभेला-गालाला टोचतात आणि खाणं तिथूनच बंद पडतं.

घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळांना भरवत राहा, गवत समोरच ठेवा. पहिल्या लेंड्या पडतील त्या बारीक आणि वेड्यावाकड्या असतील. फेकू नका, कागदाच्या पुडीत बांधा, वर वेळ लिहा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा.