विधानाचा नकार आणि गृहीतकाची परीक्षा

लॉजिकल रीझनिंगची, म्हणजे युक्तिवाद तपासण्याच्या प्रश्नांची, तयारी सुरू करणाऱ्यांनी सर्वांत आधी विधानाचा अचूक नकार करायला शिकावे, असे माझे मत आहे. ऑगस्ट 2024 पासून एलसॅट या अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेतून तर्ककोड्यांचा विभाग वगळला गेला आणि लॉजिकल रीझनिंगचे गुण धरले जाणारे विभाग दोन झाले, त्यामुळे या कौशल्याचे वजन आणखी वाढले आहे.

नकार म्हणजे विरुद्ध टोक नव्हे. मूळ विधान खोटे ठरण्यासाठी जेवढे पुरेसे असेल तेवढेच नकारात यावे. ‘सर्व उमेदवार उत्तीर्ण झाले’ याचा नकार ‘एकही उमेदवार उत्तीर्ण झाला नाही’ असा करण्याचा मोह होतो. पण निम्मे उमेदवार उत्तीर्ण झाले असतील तर ही दोन्ही विधाने खोटी ठरतात. मूळ विधान आणि त्याचा नकार यांपैकी नेमके एकच खरे असले पाहिजे, म्हणून येथे योग्य नकार ‘किमान एक उमेदवार अनुत्तीर्ण झाला’ हा आहे. ‘सर्व उमेदवार उत्तीर्ण झाले नाहीत’ असे लिहिणे मी टाळत असे, कारण त्या वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात आणि घाईत नको तो अर्थ डोक्यात बसतो.

याच न्यायाने ‘काही’चा नकार ‘एकही नाही’, ‘किमान तीन’चा ‘जास्तीत जास्त दोन’ आणि ‘बहुतेक’चा ‘निम्मे किंवा त्याहून कमी’ असा होतो. ‘आणि’, ‘किंवा’ यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकातील गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाचे नियम आहेत: ‘दोन्ही’ नाकारले की किमान एक सुटते आणि ‘दोहोंपैकी किमान एक’ नाकारले की दोन्ही सुटतात. नवख्यांची खरी दमछाक होते ती ‘जर-तर’ विधानांत. ‘पाऊस पडला तर सामना रद्द होतो’ याचा नकार ‘पाऊस पडला नाही तर सामना होतो’ हा नाही, कारण ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. पाऊस पडूनही सामना रद्द झाला नाही, असे एकदा जरी घडले तरी मूळ विधान कोसळते.

हा काटेकोरपणा कामी येतो तो गृहीतकाच्या प्रश्नांत. तेथे युक्तिवाद ज्या न सांगितलेल्या गोष्टीवाचून टिकत नाही ती, म्हणजे आवश्यक गृहीतक, पर्यायांतून ओळखायची असते. कसोटी अशी: पर्याय नाकारल्यावर निष्कर्ष कोसळला, तर तो पर्याय आवश्यक गृहीतक आहे. समजा, युक्तिवाद असा आहे: ‘कारखान्यातील नवी यंत्रे प्रत्येक वस्तूमागे कमी वीज वापरतात, म्हणून कारखान्याचा एकूण वीजवापर घटेल.’ पाचपैकी तीन पर्याय बाद झाल्यावर उरलेल्या दोहोंपैकी एक म्हणतो, ‘उत्पादन अजिबात वाढणार नाही.’ याचा नकार ‘उत्पादन प्रचंड वाढेल’ असा केला, तर निष्कर्ष डळमळतो आणि हाच पर्याय बरोबर वाटू लागतो. वास्तविक नकार एवढाच आहे की उत्पादन थोडे तरी वाढेल. तेवढ्याने निष्कर्षाला धक्का लागेलच असे नाही, म्हणून हे आवश्यक गृहीतक नाही. दुसरा पर्याय म्हणतो, ‘यंत्रांमुळे होणारी सगळी बचत गिळून टाकण्याइतके उत्पादन वाढणार नाही.’ हा नाकारला, म्हणजे उत्पादन तेवढे वाढेल असे धरले, की निष्कर्ष उभाच राहत नाही. उत्तर हेच. पहिल्या पर्यायातील ‘अजिबात’ हा शब्द किती निरुपद्रवी दिसतो, पण बहुधा अशाच टोकाच्या शब्दांत सापळा असतो.

सरावाच्या वेळी मी उत्तर तपासण्याआधी पर्यायांचे नकार वहीत पूर्ण वाक्यात लिहून काढत असे. हे काम कंटाळवाणे आहे, पण मनातल्या मनात केलेला नकार हमखास टोकाकडे सरकतो. प्रत्यक्ष परीक्षेत मात्र पाचही पर्याय नाकारत बसायला वेळ नसतो. दोन पर्याय उरले की मगच ही कसोटी लावावी. शिवाय ती केवळ आवश्यक गृहीतकासाठी आहे. निष्कर्ष सिद्ध करण्यास पुरेसे गृहीतक विचारले असेल, तर पर्याय नाकारून काहीच हाती लागत नाही. तेथे तो पर्याय खरा मानून निष्कर्ष अटळ ठरतो का, हे पाहावे लागते. म्हणून पर्यायांकडे वळण्याआधी प्रश्नातील ‘आवश्यक’ आणि ‘पुरेसे’ या शब्दांखाली रेघ ओढावी.