ठासणीच्या बंदुकीने एल्क: रायफलवाल्यांसाठी तयारीची यादी

ऑक्टोबरातल्या रायफलच्या गर्दीला कंटाळून सप्टेंबरला एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी ठासणीच्या, म्हणजे दारू-गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरायच्या बंदुकीच्या, सीझनला यायचं म्हणणारे डेन्व्हरकडे ओळखीत बरेच झालेत. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. यातली एक गोष्ट तुम्हाला वीट येईपर्यंत वाचावी लागेल, कारण गेल्या सप्टेंबरात माझ्याकडून तीच राहिली. साठ यार्डांवर नर आडवा उभा, नेम धरलेला, चाप ओढला आणि नुसती कॅप (दारू पेटवणारी ठिणगीची छोटी टोपी) फुटली. फट्. बार उडालाच नाही. ती गोष्ट अशी: पहिला बार भरण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंध्यांनी पुसून काढा आणि रिकाम्या बंदुकीवर दोन कॅपा फोडा. का ते पुढे येईलच.

कागदपत्रं आधी. कोलोरॅडोत ठासणीच्या सीझनचं लायसन्स दुकानात जाऊन उचलता येत नाही. एल्क असो वा म्यूल डिअर हे हरीण, ड्रॉमध्ये (सोडतीत) अर्ज करावा लागतो आणि मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते. ऑगस्टमध्ये उत्साह आला तर उरल्यासुरल्या लायसन्सांवर नशीब काढायचं. अर्ज करण्याआधी क्वालिफायिंग लायसन्स (ड्रॉसाठी पात्र ठरवणारं वेगळं लायसन्स) घ्यावं लागतं, हॅबिटॅट स्टँप (वन्यजीवांच्या अधिवासासाठीचं शुल्क) लागतो आणि हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या सुरक्षा-शिक्षणाचं) कार्ड लागतं; १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते लागतंच, म्हणजे तुम्हालाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे आणि वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. यात मित्राच्या ऐकीव सल्ल्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा.

आता बंदूक. दुकानदार तुम्हाला दुर्बीण लावलेली, प्लास्टिकच्या सॅबोमधली (गोळीभोवतीच्या कपातली) गोळी उडवणारी, गोळ्यांसारख्या दाबलेल्या दारूवर चालणारी इनलाइन (कॅपची आग मागून सरळ आत जाते अशी) बंदूक दाखवील. ती बाकी बऱ्याच राज्यांत चालते, कोलोरॅडोच्या ठासणीच्या सीझनमध्ये चालत नाही. इथे दुर्बीण नाही, सॅबो नाही, दाबलेल्या गोळ्यांची दारू नाही, बिनधुराची दारू नाही, आणि बंदुकीला बॅटरीवर चालणारं काहीही जोडायचं नाही. हरणाला किमान .४० कॅलिबर, एल्कला किमान .५०. सरळ .५० घ्या, दोन्ही भागतं. नळीच्या आतल्या आट्यांचा पीळ बघून घ्या: २८ किंवा ३२ इंचांत एक वेढा असेल तर ती लांबट कॉनिकल गोळीसाठी, ६६ इंचांत एक असेल तर चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी. ४८ वाली दोन्हीकडे थोडी थोडी. एल्कला मी गोल गोळी मारणार नाही. .५० ची गोल गोळी पावणेदोनशे ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळी-दारू मोजायचं छोटं माप) आसपास भरते आणि एल्कचा खांदा काही पुठ्ठ्याचा नसतो. साडेतीनशे ग्रेनच्या पुढची कॉनिकल घ्या. नियम बदलतात, त्यामुळे पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याची यंदाची पुस्तिका वाचा, गेल्या वर्षीची गाडीत पडलेली नको.

कोकणात आजोबांची शेतराखणीची ठासणीची बंदूक पाहिलेले काही जण ‘मला येतं’ म्हणून येतात. तिथे दारू अंदाजाने आणि वर छर्रे. इथे एकच गोळी आणि दारू मापाने, प्रत्येक वेळी तेवढीच. हे माप घनफळाचं असतं. स्वयंपाकघरातल्या किंवा रिलोडिंगच्या काट्यावर वजन करून भरू नका; पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी वापरायची दारू) काळ्या दारूपेक्षा हलकं असतं, त्यामुळे वजनाने शंभर ग्रेन भरलंत तर मापाने शंभरापेक्षा बरंच जास्त जाईल. ट्रिपल सेव्हन ही तशीच दुसरी दारू वापरत असाल तर ती जास्त जोरकस, काळ्या दारूच्या मापापेक्षा पंधरा टक्के कमी भरा. .५० ला दाणा टूएफ (दारूच्या दाण्याची जाडी). बंदूक बनवणाऱ्याने दिलेल्या कमाल मापाच्या वर जाऊ नका. डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत दारू कधीही ओतू नका. आधी माप, मग नळी. तळाशी मागच्या बाराची ठिणगी शिल्लक असली तर पेट मापातल्या दारूचा घेईल, हातातल्या अख्ख्या डब्याचा नाही.

न्यू जर्सी-कॅलिफोर्नियाहून विमानाने येणाऱ्यांनो, दारू आणि कॅपा विमानात चालत नाहीत. केबिनमध्ये नाही, चेक-इन बॅगेतही नाही. इथे उतरल्यावर विकत घ्या, आणि त्याच दारूवर नेम बसवायला हाताशी एक दिवस ठेवा.

सराव जूनपासून. रायफलचे तीनशे यार्ड विसरा. उघड्या माशीवर (दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या खुणेने नेम धरून) शंभर यार्ड ही माझ्या मते कमाल, आणि तीही बसून, टेकून. चाळिशी ओलांडलेल्यांना मागची खाच, पुढची माशी आणि जनावर ही तिन्ही एकदम स्वच्छ दिसत नाहीत. मागे पीप साइट (ज्यातून बघायचं ते बारीक भोक) लावून घ्या, बराच फरक पडतो. दोन बारांमध्ये ओलसर चिंधी एकदा फिरवा, नाहीतर चौथी-पाचवी गोळी काजळीत अडकेल आणि अर्ध्यात अडकलेली गोळी ही नुसती कटकट नसते. गोळी दारूवर घट्ट बसलेली नसेल, मध्ये पोकळी राहिली असेल, तर नळी फुटू शकते. यासाठी गजावर दोन खुणा करा. एक रिकाम्या नळीची, दुसरी तुमच्या ठरलेल्या मापाचा बार नीट बसल्याची. बार भरल्यावर गज आत ठेवून दुसरी खूण नळीच्या तोंडाशी आली का ते पाहायचं. पहिली खूण आली तर आत काहीच नाही. बार भरलाय की नाही हे आठवून ठरवायचं नसतं, गज घालून बघायचं.

आता तेल. रायफलच्या नळीत थोडं तेल राहिलं तर पहिली गोळी जरा इकडेतिकडे जाते, एवढंच. इथे कॅपची आग निपलच्या (कॅप बसवायच्या पोकळ बोंडाच्या) सुईएवढ्या भोकातून आत जाते, बाजूला घोडा असलेल्या बंदुकीत तर एक वळणही घेते, आणि मग दारूपर्यंत पोचते. वर्षभर कपाटात नळी वर करून उभ्या ठेवलेल्या बंदुकीतलं सगळं तेल ओघळून नेमकं त्या कोपऱ्यात जमतं. वरून नळी चकचकीत दिसते. आणि त्यावर तुम्ही दारू ओतता. तळाची दारू तेल पिऊन बसते, कॅप फुटते, बार नाही.

म्हणून: जॅगवर (गजाच्या टोकाला चिंधी धरणाऱ्या तुकड्यावर) कोरडी चिंधी, खाली-वर, ती कोरडी बाहेर येईपर्यंत. मग निपलवर कॅप बसवा, नळीचं तोंड गवताच्या काडीपासून वीतभर अंतरावर धरा आणि चाप ओढा. काडी हलली पाहिजे. नाही हलली तर वाट तुंबलेली आहे. निपल काढा, सुई घाला, पुन्हा. मग नवी चिंधी गजाने तळापर्यंत नेऊन ठेवा, दुसरी कॅप फोडा, चिंधी बाहेर काढून बघा. मधोमध करपलेला काळा ठिपका असेल तर आग तळापर्यंत पोचतेय. मगच दारू. हे कॅम्पवर करा, पहाटे एल्कच्या कुरणाच्या काठावर फटाफट कॅपा फोडत बसू नका. इनलाइनवाले म्हणतील, आमचं २०९ प्रायमर (कॅपच्या जागी बसणारं) गरम असतं, आग सरळ जाते, आम्हाला गरज नाही. आहे. तुम्हीही एक प्रायमर फोडा.

कमरेच्या पिशवीत काय हवं: मोजून भरलेल्या दारूच्या तीन-चार नळ्या, तेवढ्याच गोळ्या, गोळी सुरू करायचा ठोकळा, कॅपर (कॅपा निपलवर बसवायचं साधन) आणि वेगळ्या खिशात कॅपांचा दुसरा डबा, निपलचा पाना, निपलची सुई, जादा निपल, जॅग, गोळी उपसायचा स्क्रू, आणि कोरड्या चिंध्या. कोरड्या म्हणजे कोरड्या, झिपवाल्या पिशवीत. दारू न घालता नुसती गोळी ठासण्याचा पराक्रम प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी होतो, तेव्हा सीओटूचा डिस्चार्जर (गॅसच्या जोराने आतला बार बाहेर ढकलणारा) असेल तर दुपार वाचते. कॅपर एकच नेऊ नका.

सप्टेंबरात त्या डोंगरांत दुपारी ढग येतात आणि बरसतात. नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावा, बार त्यातून आरपार जातो, काढायची गरज नाही. रात्री बंदूक तापलेल्या तंबूत नेऊ नका. बाहेरच्या गारठ्यातून उबेत आली की लोखंडाला घाम फुटतो, आतूनसुद्धा. भरलेला बार रात्रभर ठेवायला मी तयार नसतो, संध्याकाळी डिस्चार्जरने काढून टाकतो. सकाळी पुन्हा काय करायचं? कोरडी चिंधी, दोन कॅपा, मग बार. गाडीत बसताना निपलवर कॅप नको, हा कायदा आहे.

नारिंगी किंवा गुलाबी, कंबरेच्या वर किमान ५०० चौरस इंच आणि वर टोपी. त्याच दिवसांत तिरंदाजही जंगलात असतात, ते झाडासारखे दिसतात, तुम्ही दिसू नका. बूट, पाणी, नकाशा सांगत नाही.

हे सगळं सोसायचं कशासाठी, तर नर माजावर असतात आणि पहाटे त्यांची शिळ दरी ओलांडून येते. हाक दिली तर उत्तर देतात, कधी चालून येतात. वारा मात्र तोंडावर हवा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच मारायचं. अनेक भागांत नराला एका बाजूला चार टोकं किंवा पाच इंचांचा कपाळावरचा फाटा लागतो. शिंग मोजल्याशिवाय चाप ओढू नका. बार उडाला की पुढे पांढरा धूर, काही दिसत नाही. एक पाऊल बाजूला सरका, जनावर कुठल्या झाडाकडे गेलं ते डोक्यात धरा, आणि जागेवरच पुन्हा भरा. आणि कॅप फुटून बार नाही उडाला तर बंदूक तशीच रोखलेली ठेवा, पूर्ण मिनिटभर. उशिराने उडतो कधी कधी. मिनिटानंतर नवी कॅप. तरीही नाही, तर तुम्ही तेल पुसलेलं नाही.

पडल्यावर लायसन्सचा टॅग लगेच सही-तारखेसह. सप्टेंबरची दुपार गरम असते, कातडी ताबडतोब उतरवा, मांड्या-खांदे वेगळे करून सावलीत, वाऱ्यावर, कापडी पिशव्यांत टांगा. नर-मादीची खूण मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवा. खाण्याजोगं सगळं मांस बाहेर आणणं बंधनकारक आहे आणि मोठ्या नराचं हाड काढलेलं मांसही दोनशे पौंडांच्या आसपास जातं, तेव्हा गाडीपासून किती मैल आत जाताय याचा विचार आदल्या दिवशी करा. डोकं सीडब्ल्यूडीच्या (हरणांना होणाऱ्या जीवघेण्या मेंदूच्या रोगाच्या) तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये.

बंदूक त्याच दिवशी धुवा. गरम पाणी, साबण, निपल काढून. काजळी हवेतलं पाणी ओढते आणि रात्रीत गंज चढतो. वाळवा, तेल लावा, कपाटात नळी खाली करून ठेवा, म्हणजे तेल तळाशी जमणार नाही. तरीही पुढच्या सप्टेंबरात पुसायचं आणि दोन कॅपा फोडायच्याच. दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी फिरवून बघा, तांबूस आली तर पुन्हा धुवा. बाकी तंबू, शेगडी, चहापत्ती रायफलच्या सीझनला नेता तेच.