पिकरेल की बास? ऑन्टारिओत गळ टाकण्याआधी

ऑन्टारिओतला पहिला उन्हाळा लागला की मासेखाऊ मराठी घरात चौकशी सुरू होते: इथल्या तळ्यांत मिळतं काय आणि ते खाता येतं का? मिळतं बरंच. पण सुरुवातीला दोनच मासे नीट ओळखायला शिका, पिकरेल आणि स्मॉलमाउथ बास. माझ्या मते पिकरेल खाण्यासाठी आणि बास पकडण्यासाठी. बास चवीने खाणारेही आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

आधी परवाना. मागच्या बारा महिन्यांत सलग सहा महिने कॅनडात राहिला नसाल, तर तुम्ही बाहेरचे धरले जाता आणि परवाना महाग पडतो. १८ च्या आतल्या आणि ६५ वरच्या रहिवाशांना तो लागत नाही, मात्र भारतातून भेटीला आलेल्या आईबाबांना ही सवलत नाही. बाबांच्या हातात रॉड द्यायची तर त्यांचाही परवाना काढा; एका दिवसाचाही मिळतो. मदर्स डे आणि फादर्स डेच्या वीकेंडची विनापरवाना मुभासुद्धा रहिवाशांपुरतीच. परवान्यात स्पोर्ट आणि कॉन्झर्व्हेशन असे दोन प्रकार असतात. दुसरा स्वस्त, पण घरी कमी मासे नेता येतात. नवख्याला तोच पुरे.

पिकरेल लांबट, सोनेरी-हिरवट. शेपटीचं खालचं टोक पांढरं. नियमपुस्तिकेत तो ‘वॉलआय’ या नावाखाली सापडेल. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हणून तो दिवेलागणीला, पहाटे, नाहीतर वाऱ्याने पाणी हलत असताना लागतो. शांत, लख्ख दुपारी त्याच्यासाठी ताटकळू नका. दात धारदार, तोंडात बोट घालायचं नाही.

स्मॉलमाउथ तपकिरी, अंगावर उभे पट्टे, डोळे बरेचदा लाल. जबडा डोळ्याच्याही मागे गेलेला दिसला तर तो त्याचा भाऊ लार्जमाउथ. स्मॉलमाउथला खडकाळ तळ आवडतो. तो दिवसाउजेडी, काठावरूनही, साध्या गांडुळावरही लागतो आणि लागला की पाण्याबाहेर उड्या घेत अशी झुंज देतो की दीड किलोच्या माशाने मनगट भरून यावं. टोकदार दात नसल्याने खालचा ओठ चिमटीत धरून गळ काढता येतो. मुलांना नेणार असाल तर हाच. लेक सिमको त्याच्यासाठी नावाजलेलं, तर बे ऑफ क्विंटे पिकरेलसाठी.

हंगाम विभागवार बदलतो. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी पिकरेल मेमध्ये खुला होतो, बास जूनच्या उत्तरार्धात. यामागे कारण आहे. पिकरेल बर्फ वितळताच गोट्यांवर अंडी टाकून निघून जातो. बासचा नर मात्र घरटं करून अंडी-पिल्लं राखतो. त्याला थोडा वेळ जरी उचललं तरी आसपासचे मासे घरट्यावर तुटून पडतात. म्हणून बंद हंगामात ‘पकडून सोडतो’ म्हणत बासमागे लागणंही बेकायदा आहे.

ताजी मासळी दिसली की काठावरच खवले काढून तुकड्या करायचा मोह होतो. तसं करू नका. मासा कोणता आणि किती हे तपासनिसाला ओळखता आलं पाहिजे, म्हणून कातडी ठेवावी लागते. बादलीत जिवंत मासे घरी आणणंही चालत नाही. मोठ्या माशात पारा जास्त साचतो. कोणत्या तळ्यातला केवढा मासा महिन्यातून किती वेळा खावा, हे सरकारी तक्त्यात दिलेलं असतं. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी वेगळे आकडे आहेत, ते जरूर पाहा.

आता स्वयंपाक. पिकरेलचं मांस पांढरं, काटे कमी, चव सौम्य. सुरमईसारखी समुद्राची चव शोधू नका. हळद-मीठ, आगळ, थोडं तिखट आणि वर रवा, एवढंच लावून तळा. मालवणी मसाल्याचा भडिमार केलात तर मासा हरवतो. बास किंचित उग्र, त्याला तिरफळ घातलेलं कालवण चांगलं लागतं. पिकरेल कालवणात घालायचाच असेल तर रस्सा उकळल्यावर अगदी शेवटी सोडा, पटकन फुटतो.