सशाच्या लघवीचा वास आणि त्यामागचे आजार

सशाच्या ताज्या लघवीला सहसा फार उग्र वास नसतो. ती साचून राहिली की तिच्यातील युरियापासून अमोनिया तयार होतो आणि हा वायू माणसाच्या नाकाला झोंबण्याआधीच जमिनीलगत श्वास घेणाऱ्या सशाच्या श्वसनमार्गाला त्रास देऊ लागतो. म्हणून शौचाच्या ट्रेमधील ओला भाग रोज काढावा, ट्रेमध्ये कागदी गोळ्या आणि वर सुके गवत घालावे. पाण्याने घट्ट गोळा होणारी मांजरांची वाळू मात्र कधीही वापरू नये, कारण ती पोटात गेल्यास आतडे तुंबू शकते. ट्रेवरचे पांढरे डाग कॅल्शियमच्या क्षारांचे असतात आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ भिजवल्यास ते सुटतात. वयात आलेला ससा घरभर लघवी शिंपडत असेल, तर नसबंदीने ही सवय बहुधा कमी होते. मादीमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही त्यामुळे टळतो.

लघवीचा रंग पिवळ्यापासून लालसर तपकिरीपर्यंत बदलू शकतो आणि ती थोडी गढूळ असणेही स्वाभाविक आहे. परंतु टूथपेस्टसारखा दाट गाळ पडत असेल, रक्ताच्या गाठी दिसत असतील, किंवा मागच्या पायांमधील केस सतत ओले राहून कातडी लाल झाली असेल, तर मूत्राशयातील खडा, संसर्ग किंवा पाठीचे दुखणे संभवते, आणि अशा वेळी पशुवैद्यांकडून लघवीची तपासणी व क्ष-किरण चित्र करून घ्यावे. ससा कुंथत असेल व लघवी होतच नसेल, किंवा त्याने खाणे सोडले असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.