गोऱ्ह्यांच्या जबड्याखालची सूज टॉनिकने हटेना. शेवटी अशी गेली

भातकापणीनंतर दीड वर्षाचे दोन गोऱ्हे खंगायला लागले. केस राठ, शेण पातळ, जबड्याखाली पाण्याची पिशवी; बोटाने दाबलं की खळगा राहायचा. त्यातला एक तिन्हीसांजेला दावणीवरच धडकायचा.

लिव्हर टॉनिक, व्हिटॅमिन पावडर, आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक, सगळं झालं. महिना आणि पैसे दोन्ही पाण्यात.

मग ताजं शेण तपासायला नेलं. पर्णकृमीची अंडी निघाली! हा चपटा किडा यकृतात राहतो, आयव्हरमेक्टिनला दाद देत नाही. जीवनसत्त्व अ साठतं तेही यकृतातच, ते कमी पडलं की अंधारात दिसत नाही; वर आमच्याकडे चारा नुसता पेंढा, त्यात ते जवळपास नसतंच.

आधी छातीचा घेर मोजून वजन काढलं, प्रत्येकी १४० किलो. डॉक्टरांनी किलोमागे १२ मिलिग्रॅम, म्हणजे १,६८० मिलिग्रॅम ट्रायक्लाबेंडाझोल हे पर्णकृमीवरचं औषध पाजलं. (दुभत्या जनावराला परस्पर देऊ नका, दुधात उतरतं.) आठवड्याने जीवनसत्त्व अ चं इंजेक्शन, रोज हिरवा मका. ओहोळाकाठचं चरणं आणि पाणी बंद, कारण या किड्याची पिल्लं ज्यांच्यात वाढतात त्या गोगलगाई तिथेच. आता हौदावर पाजतो.

तीन आठवड्यांनी पुन्हा शेण तपासलं, अंडी नव्हती. पिशवी त्याआधीच ओसरली होती. धडकणारा गडी आता अंधारातही गव्हाण बरोबर गाठतो.