नाईट ऑफनंतरही शीण उतरत नाही? आधी वही काढा

नर्स पोरींनो (आणि ब्रदर लोकहो), आधी एक कसोटी. दोन दिवस नाईट ऑफ (रात्रपाळ्यांनंतरची सुट्टी) मिळाला, पोटभर झोपलात, आणि तरी ड्यूटीच्या आदल्या संध्याकाळी पोटात गोळा येतो? मग हा नुसता थकवा नाही, बर्नआउट असू शकतं. थकवा झोपेने उतरतो.

मला हे उशिरा कळलं. स्त्री मेडिसिन वॉर्ड, सलग सहावी नाईट. अकरा नंबरच्या आजींनी पाणी मागितलं आणि मी खेकसले, "किती वेळा?" त्यांनी पहिल्यांदाच मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी मला त्याची लाजसुद्धा वाटली नाही, याचीच नंतर जास्त भीती वाटली.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातलं त्राण संपणं, कामावरून मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण बराच काळ तसाच राहिला, आवरला गेला नाही, की ही अवस्था येते. "योगा कर, पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांना हे वाक्य ऐकवा. मीही सकाळी प्राणायाम करते. त्याने वॉर्डातली एकही खाट कमी झालेली नाही.

जीवच नकोसा झाला असेल, तर पुढचं नंतर वाचा. 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा. रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

बाकीच्यांनी खिशात मावेल अशी वही घ्या आणि चौदा दिवस रोज पाच ओळी लिहा. पेशंट किती, त्यातले खाली गादीवर किती, स्टाफ किती. पुढच्या पाळीला ओव्हर (पेशंटची माहिती) देऊन खरंच किती वाजता निघालो. डबा उघडला का. लघवीला गेलो का (हसू नका, हाच रकाना सगळ्यात बोलका निघतो). शेवटी, आपली नसलेली कामं: मामा (वॉर्डबॉय) नाहीत म्हणून एक्स-रेला ढकललेली ट्रॉली, नातेवाइकांच्या शिव्या, दोनदा लिहिलेलं इंडेंट (सामानाची मागणी). पेशंटचं नाव मात्र वहीत नको.

मग वही घेऊन परिसेविकेकडे (वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडे) जा, एकटीने नको, तिघी-चौघी जा. "स्टाफ वाढवा" म्हणालात तर "वर कळवते" एवढंच उत्तर मिळेल. छोटं मागा. आम्ही तीन गोष्टी मागितल्या: सलग चारच नाईट, इव्हनिंगनंतर लगेच मॉर्निंग नको, आणि नाईटला आळीपाळीने वीस मिनिटं पाठ टेकायची मुभा. इव्हनिंगहून घरी पोचायला साडेदहा आणि पहाटे पाचला पुन्हा डबा, यात झोप कुठे बसवायची ते त्यांनाच मोजायला लावलं. पहिल्या दोन मिळाल्या. तिसरी तोंडी आहे, म्हणजे परिसेविका बदलली की गेली. म्हणून मागणी लेखीच द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या.

वरचे अधिकारी "सगळीकडे असंच असतं" म्हणाले, तर नर्सिंगच्या अमेरिकन संशोधक लिंडा एकन यांचा 2002 चा अभ्यास सांगा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली 168 रुग्णालयं त्यात होती. नर्समागे एक पेशंट वाढला की बर्नआउटची शक्यता 23 टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण महिन्याभरात दगावण्याची 7 टक्क्यांनी. पहिला आकडा ऐकून साहेब मान डोलावतात. दुसरा ऐकल्यावर पेन उघडतात.

आमच्या मेट्रनबाईंनी (रुग्णालयाच्या मुख्य नर्स) वही चाळली आणि लघवीच्या रकान्यावर थांबल्या. चौदांपैकी नऊ दिवस "नाही". का, म्हणून विचारलं. स्टाफच्या संडासाला आतून कडीच नव्हती. त्याच आठवड्यात सुतार आला.