जुन्या मॉनिटरला घरी एलईडी बॅकलाइट बसवताना काय काय नडतं

मॉनिटर चालू केला की दोन सेकंद चित्र येतं आणि मग काळोख, पण बटणाचा लाइट मात्र चालूच. असं होत असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारून बघा. आत फिकट फिकट आयकॉन दिसले तर पॅनल ठणठणीत आहे, मागून उजेड देणारी सीसीएफएल ट्यूब (बारीक फ्लोरोसंट नळी) नाहीतर तिला जास्त व्होल्टेज पुरवणारा बोर्ड, म्हणजे इन्व्हर्टर, गेलाय. तिथे एलईडी पट्टी चिकटवायची म्हणजे तासाभराचं काम, असं मलाही वाटलेलं, माझे दोन रविवार गेले. उजेड पाडणं सोपं आहे हो, तो सगळीकडे सारखा पाडणं अवघड.

खालची मापं माझ्या १७ इंची चौकोनी मॉनिटरची आहेत, तुमची तुम्ही मोजा.

आधी प्लग काढून थोडा वेळ तसाच ठेवा. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो, त्यामुळे मल्टीमीटर लावून उतरलाय का ते बघा आणि मगच हात घाला. पॅनल उचलताना काचेच्या कडेला ज्या पातळ रिबन असतात त्यांना ताण पडू देऊ नका, एक जरी सुटली तरी स्क्रीनवर कायमची रेघ, ती घरी दुरुस्त होत नाही.

काचेखाली शीट्सची चवड असते. सगळ्यात खाली पांढरं रिफ्लेक्टर, त्यावर जाड अ‍ॅक्रिलिक, त्यावर डिफ्यूझर आणि प्रिझमच्या पातळ शीट्स. प्रत्येक शीट काढताना फोटो काढा आणि कोपऱ्यात मार्करने छोटी खूण करा, कारण प्रिझम शीट उलटी बसली तर उजेड मरतो आणि बघून काही कळतही नाही. धूळ हा खरा वैरी. मी गरम पाण्याचा शॉवर पाच मिनिटं सोडून बाथरूममध्येच बसलो, वाफेने धूळ खाली बसते (घरच्यांनी काय काय विचारलं ते सोडा).

ट्यूब पेन्सिलीपेक्षाही बारीक असतात आणि आत पारा असतो, फुटू देऊ नका, ई-कचऱ्यात द्या. फुटलीच तर खिडक्या उघडा, काचा जाड कागदाने गोळा करा, व्हॅक्यूम क्लीनर लावू नका.

आता पट्टी. इथेच सगळे फसतात. बाजारात सहज मिळणारी पट्टी ८ मिलिमीटर रुंद असते आणि ट्यूबच्या पत्र्याच्या खाचेत ती बसेलच असं नाही, तेव्हा खाच मोजूनच पुण्याची तापकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठा. मीटरला १२० एलईडीवाली साधी पट्टी ९.६ वॉटची, म्हणजे ३४ सेंटिमीटरच्या वर-खाली दोन तुकड्यांना मिळून जेमतेम साडेसहा वॉट. हाताला धरली तर डोळे दिपतात, पण रंगीत एलसीडी मागच्या उजेडाचा दहावा हिस्साही पुढे सोडत नाही, त्यामुळे स्क्रीन मिणमिणती दिसते. मीटरला २४० वाली घ्या. शिवाय १२० ची पट्टी दर अडीच सेंटिमीटरलाच कापता येते, म्हणजे ३४ च्या जागी साडेबत्तीस आणि कोपऱ्यात काळोख.

दोन्ही तुकडे एकाच रिळाचे हवेत. मी एक घरात पडलेला वापरला आणि एक नवा आणला, दोन्ही 'कूल व्हाइट'च, पण स्क्रीनचा वरचा भाग निळसर आणि खालचा पिवळट, पांढरं पान उघडलं की उन्हात वाळवलेल्या धोतरासारखं दिसायचं. परत उघडावं लागलं.

चिकटवताना एलईडीचं तोंड अ‍ॅक्रिलिकच्या कडेकडे सरळ हवं, जरा तिरकं झालं की कडेला उजेडाचे ठिपके दिसतात. पट्टीच्या कापलेल्या टोकाचं तांबं पत्र्याला लागून शॉर्ट होतं, तिथे कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न जाऊ देणारी टेप) लावा. पत्रा मात्र काढू नका, पट्टीची उष्णता तोच ओढून घेतो.

पॉवरसाठी मॉनिटरच्या बोर्डावर इन्व्हर्टरला जाणारा कनेक्टर शोधा, त्यात सप्लाय, ग्राउंड, चालू-बंदचा सिग्नल आणि डिमिंग अशा तारा असतात. सप्लाय १२ व्होल्टच आहे ना ते मोजून घ्या, कारण प्रत्येक मॉनिटरात वेगळं असू शकतं. थेट सप्लायवर पट्टी जोडली तर मॉनिटर झोपला तरी बॅकलाइट जळत राहतो, त्यापेक्षा चालू-बंद आणि डिमिंगच्या तारा जोडता येतील असा छोटा एलईडी ड्रायव्हर लावा. स्वस्त डिमरने उजेड फडफडतो, मोबाइलचा कॅमेरा धरल्यावर सरकते पट्टे दिसले तर संध्याकाळपर्यंत डोकं दुखू शकतं.

स्क्रू लावायची घाई करू नका. फुल ब्राइटनेसवर दोन तास चालवा, मॉनिटरच्या पाठीला हात लावून बघा, मग पांढरं आणि काळं चित्र लावून डाग शोधा. माझ्या स्क्रीनमध्ये डावीकडे खाली एक केस राहिलाय. मी तिथे टास्कबार ठेवलाय.